शेपटी ठोकली की मोकळे

शनिवारची बोट ही मोसमातली शेवटची बोट, हे त्या बेटावरच्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. त्यानंतर समुद्र खवळणार, धक्क्यावरच्या फळ्या काढून आत ठेवणार, आणि पुढचे कित्येक महिने बेटावर जो आहे तो आहे, जो नाही तो नाही. दाजींनी आपली बॅग सोमवारीच भरून ठेवली होती. तिच्यात होतं काय म्हणाल, तर दोन पँटी, चार शर्ट, एक टॉवेल आणि दाढीचं सामान. एवढ्यासाठी कुणी सोमवारपासून तयारी करतं का? पण ज्याला याआधी बॅग भरून परत रिकामी करावी लागली आहे, आणि तीही एकदा नव्हे, तो माणूस असाच वागतो. बॅग खाटेखाली होती आणि दाजी येता-जाता वाकून ती आहे ना ते बघत होते.

दाजी म्हणजे कुणाचे दाजी, हे आधी सांगायला हवं. लॉजचा मालक हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो त्यांना दाजी म्हणायचा, त्याचं ऐकून आचारी म्हणायला लागला, आचाऱ्याचं ऐकून धक्क्यावरचे हमाल, आणि मग गळ टाकायला येणारे पाहुणेसुद्धा. असे ते आख्ख्या बेटाचे दाजी झाले. मान केवढा! आणि काम? उजाडलं की जनरेटर बघा, पाण्याची टाकी भरा, पाहुण्यांना किनाऱ्यावर न्या, त्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवा, आमिष लावून द्या, आणि गळ खडकात अडकला की गळ्याइतक्या पाण्यात शिरून तो मोकळा करा. नोकराला निदान सुट्टी द्यावी लागते. दाजींना नुसतं दाजी म्हटलं की भागत होतं.

ते इथे आले होते छपराच्या कामाला. सासऱ्यांनी लॉज बांधायला काढलं, जावयाचा हात सुताराचा, तेव्हा 'दोन महिने मदतीला या' असा निरोप आला. मित्रांनी चिडवलं, "घरजावई होतोस काय रे?" दाजी म्हणाले, "छे छे, मदतीला चाललोय." मदत काही संपली नाही. सासरे वारले, मेहुणा गल्ल्यावर बसला, ते छप्परसुद्धा जुनं होऊन बदललं, आणि दाजी जनरेटरला लागून असलेल्या मागच्या खोलीत होते तिथेच राहिले. त्या खोलीची भिंत सदा थरथरायची. भिंतीवरचा आरसाही थरथरायचा, त्यामुळे दाजींच्या दाढीत नेहमी एखादा पट्टा राहून जायचा.

बायकोला ती खोली सहन झाली नाही. "झोपेतसुद्धा मला कुणी ट्रकमधून कुठेतरी नेतंय असं वाटतं," ती म्हणायची, "आणि डोळे उघडले की इथेच." मुलीच्या कॉलेजचं निमित्त झालं आणि ती मुलीबरोबर पलीकडच्या बंदराच्या गावी राहायला गेली. मुलगी शिकली, नोकरीला लागून लांब निघून गेली. बायको मात्र परतली नाही. एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या, इस्त्रीचं काम धरलं, आणि दाजींना निरोप धाडला की या. दाजी येतो म्हणाले. म्हणतच राहिले.

गेल्या साली तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हा लॉजवर पाहुण्यांची मोठी टोळी उतरलेली. मेहुणा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "दाजी, ताई काय मला परकी आहे? पण या लोकांना आता नेणार कोण? तुमच्याशिवाय आहे कोण मला?" दाजी थांबले. ती शेजारणीला घेऊन दवाखान्यात गेली. त्यावर ती पुढे एक अक्षर बोलली नाही.

बोलली ती परवाच. बेटावर फोन लागतो तो फक्त धक्क्याच्या टोकाला उभं राहून. तिथे दाजींनी तिला सांगितलं, "शनिवारी येतो. कायमचा." ती म्हणाली, "अहो, यायचं असेल तर या. नसेल यायचं तर तेही सांगा. मी वाट बघणं सोडून देते, म्हणजे तेवढं एक काम तरी कमी होईल." रागानं म्हणाली असती तर दाजींना बरं वाटलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली.

रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला. मेहुणा दर बंद मोसमात स्वतः पलीकडे जायचा आणि लॉज दाजींच्या गळ्यात टाकून जायचा. या वर्षी त्याचं कुटुंब आधीच्या बोटीनं गेलेलंही होतं. दाजी म्हणाले, "या खेपेला मी शनिवारी जाणार आहे बरं का." मेहुण्याच्या हातातला घास क्षणभर थांबला, पण चेहरा असा फुलला की काय सांगू! "अहो जा की दाजी! मी नको म्हणीन का? इतकी वर्षं राबलात माझ्यासाठी! फक्त तो डॉक्टर तेवढा मार्गी लावा. आपल्याकडून कुणी पाहुणा आजवर रिकाम्या हातानं गेलाय का? त्याची शेपटी ठोकली की तुम्ही मोकळे."

शेपटी ठोकणं म्हणजे असं. लॉजच्या ओसरीवर एक लाकडी भिंत होती. पाहुण्यानं मासा पकडला की त्याची शेपटी कापून, मीठ लावून, त्या भिंतीवर खिळ्यानं ठोकायची. भिंत शेपट्यांनी भरली होती आणि तिची कीर्ती पार कुठे कुठे पोचली होती. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शेपटीमागे दाजींचे भिजलेले कपडे होते. आपल्या हातून कुणी मोकळ्या हातानं गेला नाही, याचा त्यांनाही आत कुठेतरी ताठा होता. मेहुण्यानं बोट ठेवलं ते नेमकं तिथे. गोड बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याची दुखरी जागा शोधावी लागत नाही, त्याचा हात आपोआप तिथेच पडतो.

डॉक्टर होता दातांचा, नुकताच दवाखाना बंद करून बसलेला. एकटाच आला होता. काडीसारखा बारीक, पांढरी टोपी, आणि बोलणं इतकं अदबीचं की आमिषाच्या कोळंबीलासुद्धा गळ टोचताना तो "थोडंसं दुखेल हं" म्हणायचा. गळ टाकण्याचं ज्ञान शून्य. पण हौस म्हणाल तर लहान मुलाला लाजवील.

सोमवारी सकाळी दाजी त्याला घेऊन समुद्रात घुसलेल्या वाळूच्या दांड्यावर गेले. पाण्यात पाय घातल्याबरोबर त्यांना कळलं, मासा मिळणं कठीण. भांगाचे दिवस होते. म्हणजे भरती-ओहोटीला जोर नाही; पाणी धड पुढे येत नाही, धड मागे जात नाही, बादलीतल्यासारखं जागच्या जागी डुचमळत राहतं. मासा काठाला येतो तो पाण्याच्या ओढीबरोबर. ओढच नाही तर तो कशाला तसदी घेईल? त्यात वारा फिरलेला, पाणी गढूळ. दुसरा कुठला आठवडा असता तर दाजी पाहुण्याला म्हणाले असते, डॉक्टर, पाय पसरून आडवे व्हा, आठवड्यानं बघू. पण शनिवारी बोट होती.

"दाजी, लागलं! लागलं बघा काहीतरी!" डॉक्टर ओरडायचा.

"शेवाळ आहे, डॉक्टर."

"पण चांगलं ओढतंय!"

"तेही अडकलंय बिचारं," दाजी म्हणायचे आणि पाण्यात शिरायचे.

मंगळवारी ते काळ्या खडकांवर गेले, तिथून खाडीच्या तोंडाशी. बुधवारी पुन्हा खडक. दाजींनी आमिषं बदलली, गळाला लावायचं शिसं हलकं केलं, जड केलं, दोरी लांब सोडली, आखूड घेतली. आपल्या बापालाही दाखवली नसती अशी दोन कपारींमधली घळ त्यांनी डॉक्टरला दाखवली. तिथे डॉक्टरच्या गळाला एक रबरी चप्पल लागली. डॉक्टर खूश. "उजव्या पायाची आहे," त्यानं नीट निरखून सांगितलं. "दाजी, तोंड उघडायला लावणं हेच माझं आयुष्यभराचं काम. माणसं निमूट उघडायची हो. हे मासे काही ऐकत नाहीत."

दाजींना हसू आलं नाही. ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून समोर बघत होते. सगळीकडे समुद्र असला की माणसाला मोकळं मोकळं वाटतं, असं पाहुणे म्हणतात. पाहुण्यांना म्हणायला काय जातंय! त्यांच्या खिशात परतीचं तिकीट असतं. दाजींना त्या सपाट पाण्याची चीड आली होती. इतकं पाणी, आणि त्यात एक मासा नसावा? एक! तळहाताएवढा का होईना! त्यांना वाटलं, समुद्रसुद्धा मेहुण्याला फितूर झालाय.

त्याच संध्याकाळी गळाला एक फुगा मासा लागला, तोच तो, बाहेर काढला की चेंडूसारखा फुगणारा. दाजी त्याला ओंजळीत धरून लॉजवर जवळजवळ पळतच आले. "ही घे शेपटी!" मेहुण्यानं त्या टीचभर शेपटीकडे पाहिलं आणि तो पोट धरून हसला. "दाजी, अहो फुग्याची शेपटी भिंतीवर? लोक तोंडात शेण घालतील आपल्या! सोडा त्याला. होईल हो, अजून दिवस आहेत." फुगा मासा रागानं आणखी फुगला. दाजींचंही तसंच काहीसं झालं होतं, पण ते निमूट त्याला सोडायला परत धक्क्यावर गेले.

गुरुवारी दुपारी जेवायला ते खोलीवर आले तर दारात तांदळाचं पोतं, रॉकेलचे डबे आणि साबणाचं खोकं.

"हे कुणासाठी?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"असू द्या हो. घरात असलेलं बरं."

"पण खाणार कोण?"

"दाजी, तुम्ही पण ना!" मेहुणा हसला आणि लॉजच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या खोलीतल्या खिळ्याला लटकवून गेला. स्वतःची ट्रंक त्यानं ओसरीवर आणून ठेवली होती, दोरीनं बांधून. दाजी खाटेवर बसले. जनरेटर चालू होता, खिळ्याला लावलेल्या किल्ल्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. त्यांनी त्या काढून उशीखाली दाबल्या. मग वाकून बॅग बघितली. त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं की हा आपल्याला सोडणार नाही. गोड हसेल, पाठीवर हात ठेवेल, आणि सोडणार नाही. त्यांना एवढं रडू आलं की जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मात्र ते सरळ आचाऱ्याकडे गेले.

धक्क्याच्या बगलेला आचाऱ्याचा एक पिंजरा होता, पाण्यात सोडलेला जाळीचा. त्यात तो जिताडे पाळायचा, पाहुण्यांना ताजा मासा मिळावा म्हणून. "एक दे," दाजी म्हणाले. "जिवंत दे. आणि तोंड बंद ठेव."

आचारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग सगळं त्याच्या ध्यानात आलं. "अहो दाजी," तो म्हणाला, "तुम्ही? तुम्ही असलं करणार?"

"करणार. मोठा दे."

ओल्या गोणपाटात जिताडा गुंडाळून त्यांनी तो खडकामागच्या डबक्यात आणून ठेवला. ऊन उतरत आलं होतं. डॉक्टर वाळूत उभा, दोरी खडकापलीकडे गेलेली. दाजी ओरडले, "अडकलाय वाटतं! सोडवून आणतो!" आणि डोक्यावरच्या टोपीसकट गळ्याइतक्या पाण्यात शिरले. खडकाआड जाऊन त्यांनी डॉक्टरचा गळ हातात घेतला. आयुष्यभर माशाच्या तोंडातून गळ काढणारा माणूस तो, घालायची वेळ कधी आलीच नव्हती. कसाबसा त्यांनी तो जिताड्याच्या ओठात खुपसला आणि आरोळी ठोकली, "लागला! डॉक्टर, लागला! गुंडाळा!"

आता पुढची पंचाईत अशी की पिंजऱ्यातला मासा तो, दोन वेळा आयतं खाऊन माजलेला. त्याला झुंज म्हणजे काय ते माहीत असेल तर शपथ! तो शांतपणे डॉक्टरच्या दिशेनं निघाला. दाजींनी कपाळावर हात मारला आणि खडकाआडून स्वतःच दोरी धरली. डॉक्टर ओढी, दाजी ढील देत, मग दाजी ओढीत, डॉक्टर किंचाळे. "केवढा आहे दाजी! केवढा आहे!" दाजींच्या तळव्याला दोरी काचली, नाकातोंडात पाणी गेलं. शेवटी त्यांनी दोरी सोडली आणि जिताडा वाळूवर येऊन पडला. डॉक्टर गुडघ्यांवर बसला. त्यानं माशाचं तोंड दोन बोटांनी उघडून आत वाकून पाहिलं, सवयच ती. त्याचे डोळे भरले होते.

तिन्हीसांजेला ओसरीवर शेपटी ठोकली. ठोकली ती दाजींनीच, आणि असा घाव घातला की खिळा पार आत गेला. मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. आचारी स्वयंपाकघराच्या दारातून बघून लगेच आत गेला. दाजींना वाटलं, छातीवरून धोंडा उतरला. रात्रीच्या जेवणाला ते आज घासामागून घास जेवत होते.

तेवढ्यात डॉक्टरनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी ठरवलंय," तो म्हणाला. "मी उद्या जात नाही. मोसम उघडेपर्यंत इथेच राहतो. घरी तरी माझं कोण आहे? मालक, चालेल ना तुम्हाला?"

"चालेल म्हणजे? धावेल!" मेहुणा म्हणाला. "मी नसेन, पण दाजी आहेतच की! त्यांना काय, बेट सोडून कुठे करमत नाही. ओढून नेलं तरी जायचे नाहीत."

डॉक्टर दाजींकडे बघून इतकं प्रेमानं हसला की दाजींच्या घशात घास अडकला. करायला गेले काय आणि झालं काय! स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अकलेनं, आचाऱ्याचा मासा गुपचूप आणून त्यांनी स्वतःला खुंटीला बांधून घेतलं होतं. "अगं आई गं," ते एवढंच म्हणाले. सगळ्यांना वाटलं काटा लागला. मेहुण्यानं पाणी पुढे केलं.

शनिवारी उजाडल्याबरोबर ते डॉक्टरच्या खोलीपाशी गेले. खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. इतक्या वर्षांचं नाव मातीत गेलं तर जाऊ दे. मासा खोटा होता म्हटल्यावर डॉक्टर संतापेल, बॅग उचलेल, बोटीत बसेल. मग आपल्याला इथे ठेवायला कारण उरणार नाही.

डॉक्टर दात घासत होता. दातांचा डॉक्टर तो, त्याचं घासणं काही लवकर संपेना. वरचे, खालचे, आतून, बाहेरून. दाजी दाराशी उभे. लांबून बोटीचा पहिला भोंगा ऐकू आला. शेवटी डॉक्टरनं चूळ भरली.

"डॉक्टर, तो मासा..."

"पिंजऱ्यातला होता," डॉक्टर तोंड पुसत म्हणाला.

दाजींचा चेहरा उतरला. "आचारी बोलला?"

"छे. गळ बाहेरून आत घातला होता तुम्ही. मासा गिळतो तेव्हा टोक आतून बाहेर येतं. मी जन्मभर तोंडातच बघत आलोय हो. आणि दुसरं म्हणजे, खडकामागे तुमची टोपी मागे-पुढे होत होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

डॉक्टरनं ब्रश पेल्यात ठेवला. "काय बोलू? माझ्यासाठी एक माणूस गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून मासा झाला होता. दाजी, माझ्या पोटच्या मुलानं माझ्यासाठी इतकं केलेलं नाही. म्हणून तर थांबतोय मी. तुमच्यासारखी सोबत असल्यावर पावसाळा काय, वर्ष काढीन."

मेहुण्याच्या गोड बोलण्यावर निदान मनातल्या मनात चिडता येत होतं. हा तर खरं बोलत होता. दाजींचं नेहमीचं उत्तर ओठांवर आलंच होतं, बरं डॉक्टर, राहा, मी आहे. दुसरा भोंगा झाला. आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"ते तुमच्यासाठी नव्हतं हो डॉक्टर. मला जायचं होतं म्हणून केलं."

"कुठे?"

"बायकोकडे. आज. ही शेवटची बोट आहे."

डॉक्टरला नीट कळायला जरा वेळ लागला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, वाईट वाटलं असणार, वाटणारच. पण मग तो एकदम खेकसला, "मग जा की! इथे माझे दात बघत काय उभे आहात? मालक तर म्हणाले तुम्हाला बाहेर करमतच नाही!"

"तो म्हणतो तसं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला... मला कुणी विचारलं नव्हतं."

"विचारायला कशाला हवं? पळा! मी थांबायचं की जायचं ते माझं मी बघीन. भात लावता येतो मला."

दाजी पळाले. खोलीतून बॅग ओढली, उशीखालच्या किल्ल्या घेतल्या, आणि धोतर-चप्पल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यासारखे धडपडत धक्क्यावर पोचले. मेहुणा ट्रंक चढवून घेत होता. त्यानं बॅग पाहिली. "दाजी, ही कुणाची?"

"माझी." दाजींनी किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या.

"अहो पण... डॉक्टर राहतोय ना? लॉजवर कोण थांबणार?"

"तू."

"मी? दाजी, माझं तिकीट काढलंय! बायकापोरं तिकडे आहेत माझी!"

"माझीही तिकडेच आहे," दाजी म्हणाले.

मेहुण्याचे डोळे नेहमीप्रमाणे भरून आले. "तुम्ही असे नव्हतात हो दाजी. मी ताईला समजावतो ना! एवढा एक मोसम! दाजी, तुमच्याशिवाय कोण आहे मला?" तो हे म्हणत असताना दाजींनी फळीवर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि ते बोटीत होते. मेहुणा ओरडत राहिला. हमालांनी विचारलं, ट्रंक ठेवायची का उतरवायची? तो त्यांच्यावर ओरडला. मग ट्रंक उतरली. दोर सुटला, आणि बोट निघाली.

दाजींना आधी विश्वासच बसेना. ते कठड्याला धरून उभे होते. बेट लहान होत गेलं, लॉजचं छप्पर दिसेनासं झालं, तरी कुणी मागून हाक मारील म्हणून त्यांचे कान तिकडेच. मग त्यांना हसू फुटलं. शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या बाईला ते म्हणाले, "मावशी, नुसता चढलो की हो! चढलो आणि बसलो!" मावशी म्हणाली, "मग बोटीत काय करतात दुसरं?" दाजी आणखी हसले. आख्ख्या वाटेनं ते मनाशी बायकोला काय सांगायचं ते जुळवत होते. जिताड्याची गंमत सांगायची, टोपीची सांगायची, मेहुण्याच्या ट्रंकेची तर सांगायचीच. ती हसेल. किती वर्षं झाली तिला हसताना ऐकून.

धक्क्यावर ती आली नव्हती. दाजींना वाईट वाटलं नाही. किती वेळा येऊन एकटीनं परत जावं तिनं? पत्ता तोंडपाठ होता. बेकरीच्या बाजूचा अरुंद जिना, पायऱ्यांवर पीठ सांडलेलं, वर उघडं दार. आत टेबलावर जाड चादर अंथरून ती कुणाचे तरी पांढरे कोट इस्त्री करत होती. खोली स्वच्छ होती. एक खाट, एक खुर्ची, कपड्यांचे गठ्ठे. जमीन हलत नव्हती, भिंत हलत नव्हती.

"कोट संध्याकाळी मिळतील," ती मान वर न करता म्हणाली. मग कुणी जात नाही म्हणून तिनं वर पाहिलं.

"आलो," दाजी म्हणाले.

ती बघतच राहिली. केस पांढरे झाले होते तिचे, दाजींना ते फोनवर कुठून कळणार? "त्यानं सोडलं?" तिनं विचारलं. भावाचं नावसुद्धा घेतलं नाही.

"त्याला विचारलंच नाही! किल्ल्या हातात दिल्या आणि बोटीत बसलो."

"मग त्यानं काय केलं?"

"काय करणार? ओरडला. रडला थोडा."

"धरून नाही ठेवलं?"

"छे गं!"

"बोट नाही थांबवली? माणसं नाही घातली आडवी?"

"कुणी काही केलं नाही," दाजी हसत म्हणाले. आता टोपीची गंमत सांगायची म्हणून त्यांनी हातही वर केला होता. "नुसता उठलो आणि आलो!"

ती हसली नाही. तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, आणि कोटाची बाही हातात धरून ती हळूहळू म्हणाली, "म्हणजे नुसतं उठून यायचं होतं. एवढंच होतं?"

दाजींनी हात खाली घेतला.

"मला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं त्या दिवशी," ती म्हणाली, "तेव्हापण एवढंच होतं?"

बोटीत त्यांनी सगळी उत्तरं तयार केली होती, उशीर का झाला, किती दिवस राहणार, पुढे काम काय धरणार. याचं केलं नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, तोंड न झाकता, जशी ती त्यांच्यासमोर कधीच रडली नव्हती. खालून बेकरीवाला जिन्यापर्यंत येऊन वर बघून गेला. दाजी बॅग हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. आत या असं ती म्हणाली नव्हती, आणि परत जायला आता बोट नव्हती.